दिवाडीचा बिशप आणि अधिकाराचा प्रश्न

अंबाजोगाईस संतकवी दासोपंतांच्या चरित्रातील एक कथा आजही भक्तिभावाने सांगितली जाते. पंतांचे वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बादशाहीतील नारायणपेठचे देशपांडे. त्यांच्याकडील सरकारी वसुलाची बाकी थकली तेव्हा बादशहाने त्यांच्या अल्पवयीन मुलाला ओलीस ठेवून घेतले, आणि महिन्याच्या मुदतीत रक्कम खजिन्यात जमा न झाल्यास मुलाला मुसलमानी धर्मात घेण्यात येईल असे फर्मावले. मुदत भरत आली असता दत्ताजी पाडेवार या नावाचा एक मनुष्य दरबारात रुजू झाला, त्याने देशपांड्यांच्या नावावरची सारी बाकी चुकती केली, मुलाची सुटका करविली आणि तो दिसेनासा झाला. तो पाडेवार म्हणजे साक्षात दत्तप्रभू, अशी भाविकांची श्रद्धा आहे. कथा ऐकणाराचे मन स्वाभाविकपणेच चमत्काराशी रेंगाळते. माझे मन मात्र तिच्यातील दोन गोष्टींपाशी थांबते. पहिली ही की, घरदार आणि वतन जप्त करावे तितक्या सहजतेने एका मुलाचा धर्म जप्त करता येतो असे राजसत्तेला वाटले. आणि दुसरी ही की, भक्ताला सोडविण्यासाठी देवाला जे रूप घ्यावेसे वाटले ते कोणा वेदशास्त्रसंपन्न आचार्याचे नव्हते. गावकुसाबाहेर राहणाऱ्या आणि देवळाचा उंबरठाही ज्याला वर्ज्य होता अशा गावकामगाराचे ते रूप होते. लोकमानसाने ही कथा रचताना, किंवा जपताना म्हणा, एक मोठा प्रश्न नकळत विचारून ठेवला आहे. देवाच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार मनुष्याला कोठून प्राप्त होतो? जन्मातून, राजाच्या सनदेतून, धर्मपीठाच्या आज्ञेतून, की अंतःकरणात उमटलेल्या हाकेतून?

या प्रश्नाचा ऊहापोह आपण बहुधा आपल्या शास्त्रांच्या आणि संतांच्या मर्यादेतच करतो. परंतु दासोपंत अंबाजोगाईत ग्रंथरचना करीत होते त्याच सुमारास, घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या गोमंतकात, एका ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती मुलाच्या वाट्यास हाच प्रश्न यावयाचा होता, आणि त्याने तो गोव्यापासून रोमपर्यंत, विजापूरच्या दरबारापासून तांबड्या समुद्रापर्यंत जन्मभर वाहून नेला. मातेवस द कास्त्रो माहाले हे त्याचे नाव. लॅटिन विधीच्या कॅथलिक धर्मसंस्थेत बिशपपदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय होत. मराठी वाचकाला त्यांची ओळख फारशी नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण त्यांची कर्मभूमी दख्खन ही होती आणि ज्या तटाशी त्यांनी टक्कर घेतली तो तट आपल्या अंगणातही उभा आहे.

त्यांचा जन्म १५९४ च्या सुमारास, मांडवी नदीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, नावेली या गावी झाला. गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता खरा, परंतु १५८० पासून पुढे साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच मस्तकावर होता. म्हणजे मातेवसांचे बाल्य, तारुण्य आणि बिशपपदाची प्राप्ती हे सारे स्पेनच्या फिलिप राजांच्या कारकिर्दीत घडले. या राजांना पोपकडून एक विलक्षण हक्क मिळालेला होता. नव्याने जिंकलेल्या मुलखांत चर्च बांधावीत, पाद्र्यांचा खर्च सोसावा, आणि त्याच्या मोबदल्यात बिशप कोणी व्हावे हे राजाने सुचवावे. पोर्तुगीज भाषेत यास पाद्रोआदो म्हणत. इनामाच्या सनदेबरोबर जसा गावावरचा हक्क यावा तसा येथे वेदीवरचा हक्क येत असे. धर्मसंस्थेला राजाश्रय मिळाला. पण राजाश्रय देणारा हात पुढे धर्मसंस्थेच्या दाराची कडी लावू-काढू लागला तर त्यात नवल नाही.

हीच व्यवस्था समुद्रापलीकडे, मेक्सिकोत, याआधीच पन्नास-साठ वर्षे राबविली गेली होती. तेथील पहिले बिशप हुआन दे सुमार्रागा हे फ्रान्सिस्कन संन्यासी १५२८ साली तेथे पोहोचले ते इंडियनांचे, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांचे, संरक्षक ही पदवी घेऊन. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध त्यांनी राजाकडे तक्रारी केल्या, तेथे छापखाना आणविण्यात पुढाकार घेतला, आणि १५३६ मध्ये त्लातेलोल्को येथे इंडियन मुलांसाठी विद्यालय उघडण्यास हातभार लावला. त्या विद्यालयातील मुले लॅटिन इतके उत्तम शिकली की, साहागुन या पंडित संन्याशाने मेक्सिकोच्या प्राचीन संस्कृतीचा जो बारा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला त्याचे कितीतरी काम या विद्यार्थ्यांच्या हातून झाले. पण त्यांच्यासाठी गुरुदीक्षेचे दार काही उघडले नाही. १५५५ च्या मेक्सिकोच्या धर्मपरिषदेने इंडियनांना आणि मिश्र रक्ताच्या लोकांना दीक्षा देऊ नये असा ठरावच केला. स्वतः सुमार्रागांनी १५३९ मध्ये तेस्कोकोच्या डॉन कार्लोस या इंडियन सरदाराला पाखंडाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा होऊ दिली, आणि त्याबद्दल स्पेनमधूनही त्यांना ठपका आला. एकाच हाताने विद्यालयाचा पाया घालणारा आणि चिता पेटविणारा हा बिशप वाचकाला कोड्यात टाकतो. मला वाटते, कोडे फारसे अवघड नाही: संरक्षक म्हणविणाराला ज्याचे रक्षण करावयाचे तो सदैव लहानच असावा लागतो. लहानाला शिकवावे, चुकल्यास शिक्षा करावी. आपल्या शेजारच्या आसनावर त्याला बसविण्याचा विचार मात्र मनात येत नाही.

आणि हे घडत असताना रोमचा शब्द स्पष्ट होता. १५३७ मध्ये पोप तिसरा पॉल याने काढलेल्या आज्ञापत्राने इंडियन हे पूर्ण मनुष्य आहेत, श्रद्धेला पात्र आहेत, आणि त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही असे जाहीर केले होते. मनुष्य श्रद्धेला पात्र आहे हे मान्य करणे आणि त्या श्रद्धेच्या पीठावर बिशप म्हणून बसण्यास तो पात्र आहे हे मान्य करणे यांत अंतर आहे. ते तोडण्यास धर्मसंस्थेला बरोबर शंभर वर्षे लागली, आणि तीही एकट्या दिवाडीच्या एका माणसापुरती.

मातेवसांचे शिक्षण बारदेशातील रेईश मागुश येथे फ्रान्सिस्कनांच्या पाठशाळेत झाले. पुरोहित व्हावे ही त्यांची आकांक्षा होती. परंतु गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा यांनी एतद्देशीयांना दीक्षा द्यावयाची नाही असा निश्चयच करून ठेवलेला होता. गोव्यात राहणाऱ्या काही कार्मेल संन्याशांनी या तरुणाला धीर दिला, आणि तो खुष्कीच्या लांब वाटेने रोमला निघाला. तेथे तो १६२५ मध्ये पोहोचला. त्या वेळी रोममध्ये नवे वारे वाहत होते. १६२२ मध्ये पंधराव्या ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी प्रॉपगंडा फीदे ही संस्था स्थापन केली होती आणि तिचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे पाद्रोआदोच्या कारभारावर मनापासून नाखूष होते. ज्या देशात धर्म न्यावयाचा त्या देशातलेच पुरोहित तयार झाले पाहिजेत, नाही तर धर्म हा केवळ जेत्यांचा मुक्काम ठरतो, हे त्यांनी ओळखले होते. मातेवसांना रोममध्ये दीक्षा मिळाली. पोपची पत्रे घेऊन ते गोव्यास परतले.

आता त्यांच्या मार्गात काही अडचण राहिली नसावी असे वाटेल. परंतु गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी ती पत्रे मानण्याचे नाकारले. रोमची दिशाभूल करून ती मिळविली आहेत असा आक्षेप घेतला. जो दस्तऐवज खुद्द धर्मगुरूच्या हातचा, तोही राजाच्या माणसांनी रुजवात केल्याखेरीज चालेना. मातेवस पुन्हा रोमला गेले, आणि १६३७ मध्ये तेथेच त्यांना क्रिसोपोलिस या नामधारी पीठाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. त्यांच्याकडे सोपविलेला प्रांत होता आदिलशाही मुलूख. पोर्तुगालच्या राजाचा तेथे अंमल नव्हता, म्हणून पाद्रोआदोचा दावाही तेथे चालणार नव्हता. १६३६ च्या तहाने निजामशाही नुकतीच बुडाली होती, आपल्या बीडच्या मुलखावर मोगलांचा अंमल बसत होता, आणि दख्खनचा नकाशा पुन्हा आखला जात असताना दिवाडीचा हा ब्राह्मण बिशप मुहंमद आदिलशहाच्या राज्यात येऊन डिचोलीस राहिला.

डिचोली हे ठिकाण महत्त्वाचे आहे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. दिवाडी बेटावर नार्वे येथे कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर याचे देवालय होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. तेथील लिंग विहिरीवर रहाटाला लावण्यात आले होते आणि भाविकांनी ते चोरून नदीपार नेले असे सांगतात. नदीपार म्हणजे डिचोली परगण्यात. तेथे त्या देवाची पुन्हा स्थापना झाली, त्या वस्तीलाही नार्वे हेच नाव पडले, आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. आजही दिवाडीच्या धक्क्यावरून निघालेली फेरीबोट काही मिनिटांत पलीकडच्या नार्व्यास लागते. मधले पात्र तेवढेच आहे. ज्या धर्माच्या नावाने दिवाडीचे देऊळ पाडले गेले त्याच धर्माचा, त्याच बेटावर जन्मलेला बिशप, त्या हद्दपार देवाच्या मागोमाग तीच नदी ओलांडून त्याच परगण्यात आश्रयास आला; आणि दोघांनाही जागा मिळाली ती मुसलमान बादशहाच्या मुलखात. इतिहासातील योगायोगांना मी फारसा भुलत नाही, पण या योगायोगात एक सत्य दडलेले आहे. धर्माला सिंहासनाशी जखडले की प्रथम परधर्माचे देव हद्दपार होतात आणि मग स्वधर्माची माणसेही सुखाने नांदू शकत नाहीत. दोन्ही हकालपट्ट्यांचे फर्मान एकाच कचेरीतून निघते.

डिचोलीत मातेवसांनी आपल्या देशबांधवांना दीक्षा देण्यास आरंभ केला. गोव्याने त्या दीक्षा अमान्य ठरविल्या. पुढील वीस वर्षांचा वृत्तान्त म्हणजे तक्रारी, रोमच्या फेऱ्या, मध्येच इथिओपियाच्या मोहिमेवर झालेली नेमणूक, आणि पुन्हा डिचोली. १६५३ मध्ये त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाचे पोर्तुगीज पत्रक लिहून गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्त्यांना परकी सत्तेविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. १६५४ मध्ये आदिलशाही फौज बारदेश आणि साष्टीत शिरली तेव्हा या स्वारीमागे बिशपांची चिथावणी असल्याचा ठपका पोर्तुगिजांनी ठेवला. वेंगुर्ल्याच्या डचांशी संधान बांधल्याचाही आरोप झाला. अखेर ते पुन्हा रोमला गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

येथपर्यंत वाचून कोणाही स्वाभिमानी मनुष्याचे मन त्यांच्या बाजूने उभे राहील, तसे माझेही राहते. परंतु आरसा हातात घेणाराने त्यात काय दाखविले आणि काय दाखविले नाही, हेही पाहिले पाहिजे. मातेवसांचा युक्तिवाद होता तो असा की, या देशात विद्येचा आणि पावित्र्याचा वारसा ब्राह्मणांकडे आहे, बाहेरून आलेले पाद्री त्या तुलनेत अज्ञ आहेत, तेव्हा पौरोहित्य आमच्याकडे असावे. ज्यांना त्यांनी जवळ केले, दीक्षा दिली, ते त्यांच्याच जातीचे होते. म्हणजे जन्मावरून अधिकार नाकारणाऱ्या गोऱ्या आर्चबिशपाला त्यांनी जन्मावरूनच अधिकार मागून उत्तर दिले. आणि यात ते एकटे नव्हते: १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनेही ज्या एतद्देशीयांना दीक्षा द्यावयाची ते ब्राह्मण किंवा प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या जातींतील असावेत असा दंडक घातला होता, कारण काय, तर खालच्या मानलेल्या जातींतील पुरोहिताला लोक मान देणार नाहीत. बाप्तिस्म्याच्या पाण्याने नाव बदलले, पोशाख बदलला, भोजनाचे नियम बदलले. पण जातीची उतरंड त्या पाण्याखालून कोरडीच बाहेर आली.

याच काळातील आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने मराठीत रचला, आणि गोव्याच्या चर्चमधून तो भाविकांसमोर वाचला जाऊ लागला. ओवी ही मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या मुखातली, आपल्या अंबाजोगाईच्या मातीतली. म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगण्यास मराठी ओवी पात्र ठरली, पण ती ओवी ज्याच्या जिभेवर जन्मतःच होती तो मनुष्य वेदीवर उभे राहण्यास पात्र ठरत नव्हता. भाषेचा स्वीकार करून भाषकाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही रीत केवळ गोव्यातील पाद्र्यांची नव्हे. आपल्याकडेही अभंग चोखोबांचा चालला, गळ्यागळ्यातून तो आदराने गायिला गेला. चोखोबा मात्र पायरीशीच राहिले.

अन्याय आपल्यावर होतो तेव्हा तो ओळखण्यास प्रज्ञा लागत नाही. वेदनाच तो शिकविते. कठीण ते पुढचे आहे: त्याच अन्यायाचा दुसरा पदर आपल्या हातात आहे हे पाहणे. या बाबतीत मला चियापासचे बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांची आठवण होते. १५०२ मध्ये वसाहतवाला म्हणून ते एस्पान्योला बेटावर उतरले आणि राजाच्या सनदेने वाटून मिळालेली इंडियन माणसे त्यांनीही राबविली. १५१४ मध्ये त्यांचे मन पालटले, त्यांनी ती माणसे सोडून दिली, आणि पुढची पन्नास वर्षे इंडियनांच्या मुक्तीसाठी झगडण्यात घालविली. बिशप झाल्यावर त्यांनी बजाविले की, ज्याने इंडियनांना लुटले आहे त्याने लुटीची भरपाई केल्याखेरीज त्याला पापमोचन मिळणार नाही. १५५०–५१ मध्ये व्हायादोलिद येथे सेपुल्वेदा या पंडितासमोर त्यांनी प्रतिपादन केले की, शस्त्राच्या धाकाने धर्म देता येत नाही. परंतु याच मनुष्याने आरंभीच्या काळात, इंडियनांचा भार हलका व्हावा म्हणून, आफ्रिकेतून गुलाम आणावे असे सुचविले होते. साखरेचे कारखाने वाढले तसतशी काळ्या गुलामांची मागणी कशी वाढत गेली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून, मुकादमाची उचल अंगावर घेऊन परमुलखाच्या उसाच्या फडांकडे निघणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्यात राहून ते वाचताना मन चरकल्याशिवाय राहत नाही. लास कासास यांचे मोठेपण मी यात मानतो की, उतारवयात आपल्या इतिहासग्रंथात त्यांनी आपल्या त्या सूचनेचा पश्चात्तापपूर्वक उल्लेख केला. काळ्यांची गुलामगिरी इंडियनांच्या गुलामगिरीइतकीच अन्याय्य होती हे कबूल केले. मातेवसांच्या आयुष्यात असा क्षण आल्याचे दिसत नाही. त्यांनी एक तट आयुष्यभर डोके आपटून हलविला. दुसऱ्या तटाला पाठ टेकून ते उभे होते.

तरी त्यांच्या प्रयत्नांचे मोल कमी होत नाही. जे दार त्यांनी किलकिले केले त्यातून पुढे गोव्याचे कितीतरी पुरोहित गेले. जुझे वाझ हे गोमंतकीय धर्मगुरू डचांच्या अमलातील सिंहलद्वीपात वेषांतर करून लपलेल्या कॅथलिकांची सेवा करण्यास गेले, आणि २०१५ मध्ये कोलंबो येथे पोपने त्यांना संतपद दिले. सत्तेचा आश्रय नसताना, किंबहुना सत्तेच्या विरोधात, धर्म कसा जगतो याचे ते उत्तम उदाहरण होय. फौजेच्या आशेने विजापूरकडे पाहणाऱ्या मातेवसांच्या मार्गापेक्षा मला हा मार्ग अधिक श्रेयस्कर वाटतो.

बीड जिल्हा आज १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात येतो. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज, कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, बहुतांशी ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्यातून आलेला आहे. गोव्याच्या जुन्या परिषदेने ज्यांच्यासाठी वेदीचा रस्ता बंद केला होता, त्यांचीच ही लेकरे. या समाजात अधिकाराचा प्रश्न आता दुहेरी झाला आहे. चर्चच्या आत, पदे आणि प्रतिष्ठा कोणाच्या वाट्याला येतात हा एक. आणि चर्चच्या बाहेर, १९५० च्या अनुसूचित जातींविषयक आदेशाने धर्मांतरित दलित ख्रिस्त्यांना ज्या सवलतींतून वगळले त्या परत मिळतील काय, हा दुसरा. त्या आदेशात १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी दुरुस्ती झाली. ख्रिस्त्यांसाठी झाली नाही. मनुष्याने धर्म बदलल्यावर त्याची जात गेली असे कायदा मानतो, आणि गाव व चर्च मानीत नाही, तेव्हा तो मनुष्य दोन्हीकडून नाडला जातो. हा विषय केवळ ख्रिस्ती समाजाचा आहे असे समजून आपण बाजूस राहू नये. दत्ताजी पाडेवाराची कथा ज्या गावात सांगितली जाते तेथील हिंदू वाचकाने तर मुळीच राहू नये.

मातेवस द कास्त्रो यांना १६३७ मध्ये अभिषेक झाला. भारतातील दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, यांना ती पदवी मिळाली ती २७ ऑगस्ट २०२२ रोजी. मधे ३८५ वर्षे गेली.